वेदनामुक्तीची वाटणी

आरोग्यविषयक विषमतेची चर्चा आपल्याकडे निघाली, की ती सहसा रुग्णालयांची संख्या, खाटांची संख्या, लोकसंख्येमागे डॉक्टरांचे प्रमाण आणि औषधांच्या किमती या चार मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो, आणि तो म्हणजे वेदनेचा. शस्त्रक्रियेच्या वेळी कोणाला सुरक्षित भूल मिळाली आणि कोणाला मिळाली नाही. कर्करोगाच्या अखेरच्या महिन्यांत कोणाची रात्र झोपेत गेली आणि कोणाची विव्हळण्यात. प्रसूतीच्या कळा कोणाला सुसह्य करून मिळाल्या आणि कोणाला ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ एवढेच ऐकून घ्यावे लागले, याची नोंद अर्थसंकल्पात सापडत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर वेदनेपासून सुटका हीसुद्धा एक सेवा आहे. तिलाही खर्च आहे, पुरवठा आहे आणि मुख्य म्हणजे वाटप आहे. हे वाटप आज कमालीचे विषम आहे, आणि त्याचे कारण केवळ पैशाची चणचण नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही सेवा ज्यांच्या हाती आहे, त्या भूलतज्ज्ञांचा आणि वेदनाशमनाचे वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आरोग्यधोरणाच्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो. सरकार त्यांना विचारत नाही आणि बहुतेक जण आपण होऊन बोलत नाहीत. म्हणूनच या व्यवसायातील नेतृत्व आणि समाजातील आरोग्य-समता या दोन गोष्टी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

पडद्यामागचा डॉक्टर

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन रुग्णाला निद्रिस्त केले आणि त्याच्यावरील शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. आधुनिक भूलशास्त्राचा आरंभ या दिवसापासून मानतात. अवघ्या पाच महिन्यांत, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथरचा वापर झाला. त्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. प्रसूतीच्या वेळी ते द्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. स्त्रीची प्रसूतिवेदना हा ईश्वरी संकेत आहे असे म्हणणारेही त्यात होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले, तेव्हा त्या आक्षेपांची धार बोथट झाली. राणीला जे मिळाले ते लंडनच्या गरीब वस्तीतील स्त्रीला मिळाले का, हा प्रश्न मात्र तेव्हाही फारसा कोणी विचारला नाही.

राणीला क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर होते जॉन स्नो. दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. याच स्नोंनी घरोघर हिंडून मृत्यूंची नोंद केली, ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याशी साथीचा संबंध जोडून दाखवला आणि पंपाचा दांडा काढून टाकण्यास अधिकाऱ्यांना भाग पाडले. साथरोगशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. ते व्यवसायाने भूलतज्ज्ञ होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. राजवाड्यातील बाळंतपण आणि सोहोतील पाणी या दोहोंचा विचार एकच माणूस करू शकत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर पाहण्याची ही परंपरा या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे.

आपल्या देशाचेही या इतिहासात स्थान आहे. क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी निजामाच्या राज्यात १८८८ व १८८९ साली दोन आयोग नेमण्यात आले. हैदराबादेत त्या काळी क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉक्टरांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी महिला होती. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये तिची गणना केली जाते.

एवढा वारसा असूनही भूलतज्ज्ञ हा पडद्यामागचाच डॉक्टर राहिला. रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा त्याला शल्यविशारदाचे नाव पाठ असते. आपला श्वास, रक्तदाब आणि हृदयाची गती दोन-तीन तास कोणी सांभाळली, हे त्याला सांगता येत नाही. खासगी व्यवसायात तर रुग्ण भूलतज्ज्ञाची निवडही करत नाही. ती शल्यविशारद करतो. परिणामी एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात धावणारा भूलतज्ज्ञ आपल्या मिळकतीसाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या बोलावण्यावर अवलंबून असतो. ज्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने व्यवस्थेतील दोषांवर बोट ठेवावे अशी अपेक्षा करणे सोपे नाही. नेतृत्वाच्या अभावाचे हे आर्थिक कारण आधी मान्य केले पाहिजे.

एका कडीपाशी अडलेली साखळी

उत्पादनाच्या काही प्रकारांत घटक एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. चार बैलांच्या नांगराला तीन बैल आणि एक जादा नांगरणारा जुंपून चालत नाही. शस्त्रक्रिया हे अशाच प्रकारचे काम आहे. शल्यविशारद आहे, इमारत आहे, उपकरणे आहेत, रक्ताची सोय आहे. पण भूलतज्ज्ञ नाही, तर बाकी सर्व भांडवल पडून राहते. ज्या घटकाची टंचाई सर्वांत अधिक, तोच एकूण सेवेचे प्रमाण ठरवतो.

जगाच्या पातळीवर ही टंचाई केवढी आहे, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडले. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल यांपासून जगातील सुमारे ५०० कोटी माणसे वंचित आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. जगात वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रियांपैकी अवघ्या ६ टक्के शस्त्रक्रिया सर्वांत गरीब अशा एक-तृतीयांश लोकसंख्येच्या वाट्याला येतात. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने लाख लोकसंख्येमागे किमान ५ भूलतज्ज्ञ डॉक्टर असावेत असे लक्ष्य ठेवले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाहणीत ७७ देश या मर्यादेच्या खाली होते. भारताचा आकडा दीडच्याही आत होता.

सरासरीचे हे आकडे अर्थातच फसवे असतात. मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात एका मजल्यावर जितके भूलतज्ज्ञ असतील, तितके काही संपूर्ण तालुक्यांत मिळून नसतात. गडचिरोलीच्या भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून नंदुरबार गाठणे पावसाळ्यात काय असते, हे तेथे निवडणुकीच्या कामाला गेलेल्या शिक्षकांना आणि कारकुनांना विचारावे. अशा ठिकाणी अडलेल्या बाळंतिणीला ‘पुढे न्या’ असे सांगण्यात येते, तेव्हा बहुधा कमतरता शस्त्राची नसते. भूल देणाऱ्याची असते. कागदावर ते रुग्णालय प्रथम संदर्भ केंद्र म्हणून नोंदलेले असते, आणि अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे सिझेरियनची सोय ‘उपलब्ध’ दिसते.

या पेचावर एक उपाय काढण्यात आला. एम.बी.बी.एस. झालेल्या सरकारी डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांना अशा रुग्णालयांत नेमावे, अशी ही योजना. तिच्यावर तज्ज्ञांचा आक्षेप होता, की तीन वर्षांत शिकण्याचे कौशल्य सुमारे चार महिन्यांत येत नाही आणि चूक झाली तर रुग्ण दगावतो. हा आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या ठिकाणी पर्याय ‘तज्ज्ञ की अर्धशिक्षित’ असा नसून ‘अर्धशिक्षित की कोणीच नाही’ असा आहे, तेथे केवळ आक्षेप नोंदवून थांबणे पुरेसे नाही. प्रशिक्षित डॉक्टर रुजू झाल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, अडचणीच्या वेळी त्याने रात्री कोणाला फोन करायचा, वर्षातून काही आठवडे जिल्हा रुग्णालयात त्याची उजळणी कोण घेणार, हे प्रश्न सोडवणे हे वरिष्ठ भूलतज्ज्ञांचेच काम होते. जेथे त्यांनी ते अंगावर घेतले नाही, तेथे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टरही भूल देण्यास कचरतो आणि सरकारचा खर्च वाया जातो.

कोझिकोडचा धडा

नेतृत्व घेतले तर काय घडू शकते, याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल हे भूलशास्त्राचे प्राध्यापक होते. इंजेक्शनाने मज्जातंतू बधिर करून वेदना थांबवण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. कर्करोगाने पीडित अशा एका महाविद्यालयीन अध्यापकाची वेदना त्यांनी या तंत्राने दूर केली. ‘पुन्हा कधी येऊ?’ असे त्याने विचारले, तेव्हा ‘आता येण्याची गरज नाही’ असे उत्तर मिळाले. आपल्यावर उपचार उरला नाही हे त्या माणसाला तेव्हा उमगले, आणि घरी जाऊन त्याने आयुष्य संपवले. ही हकिकत डॉ. राजगोपाल यांनी स्वतः सांगितली आहे. मज्जातंतूवर उपचार झाला, माणसावर झाला नाही, हा बोध त्यातून त्यांनी घेतला.

१९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसमवेत कोझिकोडला वेदना व उपशामक सेवेची संस्था स्थापन केली. तिचे वैशिष्ट्य असे, की रुग्ण केवळ रुग्णालयातच यावा अशी तिची अट नव्हती. पुढे केरळात गावोगाव स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. गावातील दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी थोडे प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यांची विचारपूस करू लागले. लहान लहान देणग्यांतून खर्च भागू लागला. परिचारिका घरी जाऊन मलमपट्टी आणि औषधे देऊ लागल्या. २००८ साली केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींना या कामात आणले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य होय. डॉ. राजगोपाल यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. पुरस्कारापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की एका भूलतज्ज्ञाने आपले ज्ञान शस्त्रक्रियागृहाबाहेर आणले आणि ते पंचायतीच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचले.

महाराष्ट्र या बाबतीत अगदीच मागे होता असे नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापन केलेला शांती आवेदना आश्रम हा देशातील पहिला शुश्रूषाश्रम. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून असे केंद्र चालू आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ पासून उपशामक वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवला जातो. मात्र या संस्था मुख्यतः महानगरांत राहिल्या. लातूर, परभणी, चंद्रपूरच्या रुग्णाला मुंबई गाठावी लागते, आणि अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला नेमका तोच प्रवास झेपत नाही.

अफू आपली, वेदनाही आपली

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे औषध शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. ते अफूपासून तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९७७ पासून, म्हणजे पहिल्या यादीपासून, आहे. त्याच्यावर कोणाचा पेटंटचा हक्क नाही. आणि कायदेशीरपणे अफू पिकवणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत अग्रगण्य आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगढच्या शेतांतून सरकारी परवान्याने निघणारी अफू निर्यात होते आणि परदेशांतील रुग्णांची वेदना शमवते. माळव्याच्या अफूचा मुंबईशी तर जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात ज्यांनी संपत्ती मिळवली, त्या जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतूनच मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले.

अशा देशात वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नव्हते, याचे कारण कायद्यात होते. अमली पदार्थांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९८५ साली कठोर कायदा झाला. उद्देश योग्य होता. परंतु त्यात किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद होती, आणि रुग्णालयाला औषध ठेवण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येई. औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी सरळ मॉर्फिन ठेवणेच बंद केले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ पूर्वी काही शेकडो किलोग्रॅम होता. १९९७ साली तो अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. या बारा वर्षांत एक सबंध पिढी अशी डॉक्टर झाली, की जिने मॉर्फिनची गोळी रुग्णाला कधी लिहून दिलीच नाही.

या कायद्यात बदल व्हावा म्हणून उपशामक सेवेच्या क्षेत्रातील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मंत्रालयांचे उंबरठे झिजवले. २००७ साली त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती संमत केली. मॉर्फिनसह काही औषधांचा ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा स्वतंत्र वर्ग झाला, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी ठरली. डॉक्टरांच्या नेतृत्वाने कायदा बदलल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

पण कायदा बदलला म्हणजे व्यवहार बदलतो असे नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’च्याच दुसऱ्या एका आयोगाने हिशेब मांडला. जगात दरवर्षी सहा कोटींहून अधिक माणसे उपशामक सेवेने टाळता येईल असे गंभीर दुःख भोगतात, आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. भारतात या औषधांची जेवढी गरज आहे, त्याच्या केवळ ४ टक्के पुरवठा होत होता. अमेरिकेत हाच पुरवठा गरजेच्या तीसपटीहून अधिक होता. ज्या मालाची शेती आपल्याकडे आहे, त्याच्या वाटपातील ही तफावत आहे.

गरज आणि मागणी

अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शिकतो, की गरज आणि मागणी या एक नव्हेत. पाठीशी क्रयशक्ती असेल तरच गरजेची प्रभावी मागणी होते. वेदनेच्या बाबतीत हा सिद्धान्त अधिकच कठोर ठरतो. मरणासन्न रुग्ण मोर्चा काढत नाही, त्याची संघटना नसते, आणि त्याचे नातेवाईक शोकात व कर्जात बुडालेले असतात. मॉर्फिनची गोळी स्वस्त असल्यामुळे तिच्यात नफा थोडा, आणि नफा थोडा असल्यामुळे तिची शिफारस घेऊन कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात उभा राहत नाही. जगातील मॉर्फिनची सर्व तूट स्वस्तात स्वस्त दराने भरून काढायची, तर वर्षाला सुमारे साडेचौदा कोटी डॉलर पुरतील असा त्या आयोगाचा अंदाज होता. राष्ट्रांच्या अंदाजपत्रकांच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. तूट पैशाची नसून इच्छेची आणि व्यवस्थेची आहे, हे यावरून स्पष्ट होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. अमेरिकेत वेदनाशमनाच्या नावाखाली अफूजन्य औषधांचा सुळसुळाट झाला. १९९६ साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आणणाऱ्या पर्ड्यू कंपनीने व्यसनाचा धोका कमी लेखून जाहिरात केली. २००७ आणि २०२० साली तिने गुन्हा कबूल केला. २०२१ या एका वर्षात त्या देशात अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. तोवर मृत्यूंचे मुख्य कारण बेकायदा फेंटानिल झाले होते हे खरे, परंतु व्यसनाचा पाया औषधाच्या चिठ्ठ्यांनी घातला होता. वेदनाशास्त्रातील काही नामवंत डॉक्टरांनी कंपन्यांकडून मानधन घेऊन या प्रचाराला साथ दिली, हेही उघड झाले. म्हणजे नेतृत्व नेहमी योग्य दिशेनेच जाते असे नव्हे.

तथापि या अनुभवाचा निष्कर्ष ‘मॉर्फिन नको’ असा काढणे चुकीचे ठरेल. अमेरिकेने वाटप बाजाराच्या हाती सोपवले, आपण ते पोलिसांच्या हाती सोपवले. दोन्हीकडे रुग्णाचे नुकसान झाले. केरळने तिसरा मार्ग दाखवला. सरकारी वा विश्वस्त संस्थेमार्फत, प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरपोच हिशेब ठेवून तोंडाने घेण्याचे स्वस्त मॉर्फिन द्यायचे. असे वाटप करण्यासाठी नफ्याची वा दंडुक्याची नव्हे, जबाबदारी घेणाऱ्या माणसांची आवश्यकता असते.

कोणाची वेदना खरी मानायची?

विषमता केवळ पुरवठ्यात नसते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यातही असते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मनात कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयी खोट्या समजुती होत्या. त्यांची त्वचा अधिक जाड असते, ही त्यांपैकीच एक. अशा समजुती बाळगणारे डॉक्टर त्यांची वेदना कमी लेखत होते. आपल्याकडे ‘अडाणी बायका सहनशील असतात’, ‘कष्टकऱ्याला एवढे दुखत नाही’ ही वाक्ये प्रसूतिकक्षात आणि अपघात विभागात ऐकू येतातच. त्यांची मोजणी कोणी केलेली नाही इतकेच.

यंत्रेही या दोषातून सुटलेली नाहीत. रक्तातील प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर हे भूलतज्ज्ञांच्या हातातील मोठे साधन. कोविडच्या साथीत ते घराघरांत पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार, यंत्राने न दाखवलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा आढळली. गडद त्वचेवर यंत्र चकते, ही बाब सावळ्या कातडीच्या आपल्या देशाला लागू नाही काय? तिचा पाठपुरावा येथे कोणी करायचा?

हे यंत्र गरीब देशांतील शस्त्रक्रियागृहांत पोहोचवण्यासाठी २०११ साली ‘लाइफबॉक्स’ ही संस्था भूलतज्ज्ञांच्या संघटनांच्या पुढाकाराने निघाली. तिच्या संस्थापकांत डॉ. अतुल गावंडे हे शल्यविशारद होते. त्यांचे वडील विदर्भातल्या खेड्यातून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी बरोबरीच्या नात्याने काम केल्यास काय साधते, हे या उदाहरणावरून दिसते.

समतेचा प्रश्न व्यवसायाच्या आतही आहे. नवजात बालकाची प्रकृती क्षणात जोखणारी ‘अपगार’ गुणपद्धती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती तयार करणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ होत्या. कोलंबिया विद्यापीठात भूलशास्त्राचा विभाग त्यांनीच वाढवला, परंतु त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला तेव्हा प्रमुखपद मात्र एका पुरुषाला देण्यात आले. आपल्याकडेही भूलशास्त्र शिकणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. संघटनांच्या अध्यक्षपदी आणि धोरण ठरवणाऱ्या समित्यांवर तेच प्रमाण दिसते का, हे त्या संघटनांनी स्वतःच तपासावे. प्रसूतिवेदनेचा निर्णय घेणाऱ्या मेजावर एकही स्त्री नसावी, हे कोणाही विचारी माणसाला पटणार नाही.

आता काय करावे?

भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, स्थापन झाली. तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. या शाखांनी तीन कामे हाती घेतली, तरी चित्र बदलू लागेल. पहिले, आपल्या जिल्ह्यात रात्री बारा वाजता सिझेरियन कोठे होऊ शकते आणि कोठे होऊ शकत नाही, याचा खरा नकाशा दरवर्षी प्रसिद्ध करावा. सरकारी अहवालातील ‘उपलब्ध’ या शब्दाची ही सर्वांत चांगली तपासणी ठरेल. दुसरे, अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन दुर्गम भागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरामागे एका अनुभवी तज्ज्ञाची नेमणूक करावी आणि त्या मार्गदर्शनाची जबाबदारी लेखी घ्यावी. तिसरे, जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त झाले आहे का आणि ते औषध तेथे प्रत्यक्षात मिळते का, हे पाहावे.

डॉक्टर म्हणतील, की आधीच आमच्यावर कामाचा भार मोठा. त्यात हे समाजकार्य कोठून करायचे? तक्रार रास्त आहे. सरकारनेही दुर्गम भागात जाणाऱ्या तज्ज्ञाला केवळ आदेश देऊन भागणार नाही. राहण्याची सोय, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न, ठरावीक मुदतीनंतर बदलीची हमी आणि अडचणीत कायदेशीर संरक्षण एवढे तरी दिले पाहिजे. ज्या कामात जोखीम अधिक, त्या कामाचा मोबदला कमी ठेवून माणसे टिकत नाहीत. परंतु ही मागणी सरकारदरबारी मांडायची, तरी ती मांडणारा नेता त्याच व्यवसायातून पुढे यावा लागतो. आणि स्वतःच्या वेतनाबरोबर रुग्णाच्या वेदनेचाही प्रश्न मांडणाऱ्या नेत्याचे म्हणणे लोक अधिक आस्थेने ऐकतील.

यात वाचकांनाही वाटा उचलता येईल. घरातील कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर भूल कोण देणार आहे, हा साधा प्रश्न विचारावा. तो रुग्णाचा हक्क आहे. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवले, तर ‘म्हणजे आता संपले’ किंवा ‘व्यसन लागेल’ या भीतीने ते नाकारू नये. केरळात हे काम उभे केले ते शिक्षकांनी, कारकुनांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी. आठवड्यातील दोन तास देणारी माणसे त्यांना गावात मिळाली. पतपेढ्या, वाचनालये आणि सहकारी संस्था गावोगाव उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला तशी माणसे मिळणार नाहीत, असे मानण्यास काहीच आधार नाही. त्यांना शिकवणारा डॉक्टर तेवढा जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला हवा.